स्प्लिट कीबोर्ड घरी जोडायचाय, ४२ बटणं घेऊ का ५८? (मराठी टायपिंग भरपूर)

किल्ल्याखालचा (धागाकर्ता)

मंडळी, साताऱ्यात घरून काम करतो. दिवसा कोड आणि रात्री मराठी लिखाण, मिळून दहा तास तरी बोटं कीबोर्डवर असतात. टीचभर पाटीवर दोन्ही हात जवळ आणून बसायचं म्हणजे खांदे आत आणि मनगटं बाहेर, वर्षभर हेच चाललंय. डॉक्टरांना दाखवून झालं, व्यायाम चालू आहेत, तेव्हा "आधी डॉक्टर" असं कुणी लिहू नका, जाऊन आलोय.

तर दोन तुकड्यांचा कीबोर्ड घ्यायचा म्हणतोय. तयार बघितले तर मूनलँडर वगैरे साडेतीनशे डॉलरच्या पुढं, वर पार्सल, वर कस्टम, आपल्याला झेपणारं नाही. मग कळलं की कॉर्न, लिली५८, सोफल असल्या कीबोर्डांच्या फाईली गिटहबवर उघड्या पडल्यात, पीसीबी (म्हणजे सर्किटचा बोर्ड) छापून आणायचा, बाकी माल गोळा करायचा आणि घरी सोल्डर मारत बसायचं. सोल्डरची इस्त्री शेवटची बारावीच्या प्रोजेक्टला हातात धरलेली.

प्रश्न असा की कॉर्नला ४२ बटणं आणि लिलीला ५८. व्हिडिओवाले सगळे एकच सांगतात, बटणं जितकी कमी तितकं बरं, बोटानं एका घराच्या पलीकडं जायचंच नाही, आकडे आणि चिन्हं लेयरमध्ये टाका. पटतंय. ४२ मागवणारच होतो, म्हटलं आधी इथं विचारावं. विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरतो, मराठी इन्स्क्रिप्ट मांडणीनं.

कुपवाडी_सोल्डर

भावा विचारतोस काय, कॉर्न घे! मी दीड वर्ष वापरतोय, आता कुणाचा लॅपटॉप हातात घेतला की बोटांना परक्या गावात सोडल्यागत होतंय. कॉर्नची मजा बटणं कमी असण्यात नाही, कॉलम वरखाली सरकवलेत त्यात आहे, मधलं बोट लांब म्हणून त्याचा कॉलम वर, करंगळी आखूड म्हणून तिचा खाली. आणि दोन्ही अंगठ्यांना तीन-तीन बटणं. नेहमीच्या कीबोर्डवर दोन दणकट अंगठे मिळून एक स्पेसबार दाबतात आणि करंगळीला एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस, कंट्रोल, सगळा हमालीचा माल.

अडत_दुकान

सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशोब बघतो. दिवसभर टॅली, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी आणि उजव्या हाताला आकड्यांचा पॅड. ४२ बटणांत हे सगळं कुठं बसणार? मला तर यात गंमत कळेना, असलेली बटणं काढायला पैसे द्यायचे.

कुपवाडी_सोल्डर

@अडत_दुकान दादा, लेयर म्हणजे दुसरा मजला. अंगठ्यानं एक बटण दाबून धरलं की उजव्या हाताखालची नऊ बटणं नंबरपॅड होतात, दुसरं धरलं की एफ १ ते एफ १२. हात जागचा हलत नाही. पण तुमच्या कामाला खरं सांगू का, साधा स्प्लिट आणि शेजारी वेगळा यूएसबी नंबरपॅड, तेवढ्यावर भागतंय.

रफार

मी सांगलीत डीटीपी करते, वीस वर्षं झाली, इन्स्क्रिप्टच. धागाकर्त्यांनी ४२ मागवायच्या आधी एक काम करावं, कागदावर कॉर्नचा उजवा तुकडा काढावा आणि त्यात आपली अक्षरं भरावीत.

वरच्या ओळीत वाय यू आय ओ पी, म्हणजे ब ह ग द ज. पी च्या पुढं एकच बटण उरतं आणि तिथं बॅकस्पेस असतो. नेहमीच्या कीबोर्डवर तिथं चौकोनी कंस आहे, आणि तो म्हणजे आपला ड, शिफ्ट धरून ढ. गेला. त्याच्या पुढं एक बटण सोडून तिरकी रेघ, म्हणजे ॉ. गेला. आकड्यांच्या ओळीत बरोबरचं चिन्ह, म्हणजे ृ. गेला. शिफ्ट धरून आकड्यांवर असलेले ज्ञ त्र क्ष श्र गेले ते वेगळंच, ते निदान पायमोडीनं जोडता येतात.

इंग्रजीत कंस आणि बरोबरचं चिन्ह खाली ढकललं तर काही बिघडत नाही, कोड लिहिणारे सोडले तर कुणाला लागतंय ते. आपल्याकडं ड शिवाय एक परिच्छेद लिहून दाखवा. कृष्णाकाठची माणसं आपण, ृ नसेल तर नदीचं नाव लिहिता यायचं नाही. आणि तुम्ही म्हणालात "आधी डॉक्टर असं लिहू नका", ४२ बटणांवर कुणाला लिहिताही आलं नसतं, ड पण नाही आणि ॉ पण नाही :)

किल्ल्याखालचा

ताई, _/\_. महिनाभर व्हिडिओ बघतोय, हे एकानंही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं म्हणा.

कुपवाडी_सोल्डर

ताई म्हणतात ते बरोबर आहे पण त्यावर उपाय आहे की. मी कॉम्बो लावलेत, म्हणजे दोन शेजारची बटणं एकदम दाबली की तिसरंच अक्षर जातं. ज च्या आणि च च्या बटणावर करंगळी आडवी टाकली की ड. आठवड्यात सवय झाली. फर्मवेअरला (कीबोर्डातल्या प्रोग्रॅमला) मराठी कळत नाही हे नव्या लोकांनी लक्षात ठेवा, कीबोर्ड फक्त "कंसाचं बटण दाबलं" एवढंच सांगतो, त्याचा ड कॉम्प्युटर करतो, त्यामुळं बटण कुठंही ठेवा नाहीतर कॉम्बोत लपवा, मराठी नीटच उमटतं.

रफार

माझ्या करंगळीची गोष्ट ऐका मग. इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या करंगळीकडं च, ज, ट, ड, य. इंग्रजीत त्याच करंगळीला एक पी आणि बाकी विरामचिन्हं. मराठी टायपिस्टचं आधी काय दुखतं तर ती करंगळी. तिच्यावर आणखी कॉम्बो नकोत.

बाकी स्प्लिट आपल्याला फार सोयीचा आहे. स्वर डावीकडं, व्यंजनं बहुतेक उजवीकडं, एक या हातानं एक त्या हातानं. सातारा लिहा, उजवा डावा उजवा डावा उजवा डावा, ताल धरल्यासारखं. फक्त म, न, ण आणि व डाव्या हातात येतात. त्यातला व जपून, तो बी च्या बटणावर आहे आणि स्प्लिटमध्ये बी डाव्या तुकड्यात असतो. मी जन्मभर व उजव्या हातानं मारलाय. भाच्याचा स्प्लिट चार दिवस वापरला तर प्रत्येक व ला उजवं बोट दोन तुकड्यांच्या मधल्या टेबलावर आपटायचं.

राजवाडा_चौपाटी

सातारा लिहिताना ताल आणि सांगली लिहिताना? बोला की ताई

रफार

सांगलीत ा आणि अनुस्वार लागोपाठ डावीकडं, ग आणि ल लागोपाठ उजवीकडं. म्हणून आम्ही सावकाश आणि नीट लिहितो.

निवृत्त_टंकलेखक

वाचून मौज वाटली. आम्ही कोर्टात रेमिंग्टनच्या चालीवर मराठी मिनिटाला ४० शब्द केलेलं, त्यात अक्षरं इन्स्क्रिप्टपेक्षा निराळ्याच जागी. पण एक सांगतो, ओळी एकमेकींवर तिरक्या का असतात ते कुणी विचारत नाही. मशीनमध्ये प्रत्येक बटणाखाली एक दांडी मागं जायची. चार ओळींच्या दांड्या एकमेकींना न घासता शेजारून जायला हव्यात म्हणून प्रत्येक ओळ थोडी बाजूला सरकवलेली. त्यात बोटांच्या सोयीचा काही संबंध नव्हता. दांड्या गेल्या आणि तिरकेपणा तुमच्या लॅपटॉपवर तसाच राहिला. तुम्ही मंडळी तो काढताय तर काढा, आमची हरकत नाही.

किल्ल्याखालचा

काका, हे भारी सांगितलंत.

ठरलं मग, लिली५८. कागदावर मांडून बघितलं, यात आकड्यांची ओळ आहे आणि दोन्ही तुकड्यांत आतल्या बाजूला एकेक जादा बटण. त्यातही बरोबरच्या चिन्हाला आयती जागा नाही, पण करता येते. ड ज च्या शेजारी, जिथं असतो तिथंच. ृ उजवीकडं वरच्या कोपऱ्यात. ॉ डाव्या तुकड्यातल्या आतल्या बटणावर, स्वर डाव्या हाताला म्हणून तिथं शोभतोय. आणि आडवी रेघ, म्हणजे शिफ्टनं विसर्ग, उजव्या आतल्या बटणावर, दुःख काय रोज लिहीत नाही मी.

आता माल काय काय लागेल ते सांगा, कुणी जोडलाय का लिली?

कुपवाडी_सोल्डर

कॉर्नशी गद्दारी केलीस तरी सांगतो.

पीसीबी: छापणारे सहसा पाचच्या खाली घेत नाहीत. लिलीचा बोर्ड दोन्ही बाजूंनी चालतो, एक डावा म्हणून सुलटा आणि तोच उजवा म्हणून पालथा. म्हणजे एका कीबोर्डला दोन, पाचात दोन कीबोर्ड आणि एक बोर्ड शिल्लक. बोर्ड स्वस्त असतात, पार्सलच महाग, कुणीतरी जोडीदार बघ. डायोड ५८, वन एन ४१४८, दहा-वीस जादा घे, जमिनीवर पडला की सापडत नाही. हॉटस्वॅप सॉकेट ५८, यात काटकसर करू नको, सॉकेट असलं की स्विच नुसता खोचायचा, उद्या नाही आवडला तर काढून दुसरा. स्विच आधी थोडेच मागव आणि बोटाखाली घालून बघ. लिनियर गुळगुळीत जातो, टॅक्टाईलला मध्ये ठेच लागते, क्लिकी घेतलास तर घरचे तुला कीबोर्डसकट बाहेर झोपवतील.

कंट्रोलर (तुकड्याचा मेंदू असलेली छोटी चिपची पट्टी) दोन, इथं नीट ऐक. जुना प्रो मायक्रो स्वस्त मिळतो पण त्याची फ्लॅश मेमरी ३२ केबी, त्यातली काही बूटलोडर खातो, स्क्रीन लावली, लाईट लावले, व्हायल (बटणं हवी तशी बदलायची सोय) टाकलं की जागा संपली. वर त्याचं मायक्रो यूएसबीचं तोंड दोन-चार वेळा ओढाताण झाली की बोर्डावरून उपटून येतं. त्याच मापाचा आरपी२०४० वाला घे, टाईप सी असतो, फर्मवेअरची फाईल पेन ड्राईव्हसारखी ओढून टाकायची, झालं काम. बिनवायरचा हवा असेल तर एनआरएफ५२८४० वाला कंट्रोलर, बॅटरी आणि झेडएमके फर्मवेअर. पहिल्याच खेपेला त्या नादाला लागू नको, वायरवाला आणि त्यावर क्यूएमके फर्मवेअर बरं.

आणि दोन तुकडे जोडणारी चार पट्ट्यांची ऑडिओ वायर येते ती कीबोर्ड चालू असताना काढायची नाही न् घालायची नाही. आत सरकताना पुढची पट्टी मधल्या कडीला घासून जाते आणि पाच व्होल्ट भलत्याच पिनवर जातात. मी एक कंट्रोलर असाच घालवलाय, आई म्हणाली काय करपलंय, मी म्हटलं भाजी बघ.

मिरजेची_तार

टेंटिंगसाठी कुणी लाकूड वापरलंय का? म्हणजे दोन्ही तुकडे मधून उचलून बाहेर उतरते ठेवायला. आमच्याकडं तंबोऱ्याच्या कामातले तूनच्या लाकडाचे तुकडे पडलेले असतात, हलकं लाकूड, रंध्यानं सरळ होतं. पाचरी करून देऊ शकेन, पाठवणीचा खर्च तेवढा द्या.

किल्ल्याखालचा

हवंय! व्यक्तिगत निरोप केलाय.

किल्ल्याखालचा (पाच आठवड्यांनी)

बोर्ड आले, कालच्या रविवारी सकाळी नऊला बसलो ते रात्री अकराला उठलो. डावा तुकडा पहिल्या फटक्यात चालला, घरात पेढे वाटायचे बाकी होते. उजव्याची रड आहे. एक, यूएसबी उजव्याला लावली की अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी येतात. दोन, उजवीकडची अख्खी एक ओळ मेलीय, क ची ओळ. तीन, वरच्या ओळीतला एकटा ह चालत नाही. टेस्टरनं बघू म्हटलं तर काय बघायचं तेच कळेना. एका ऑनलाईन विक्रेत्याकडून घेतलेला कंट्रोलर आहे, तोच सदोष असेल का? परत करायची मुदत परवापर्यंत.

कुपवाडी_सोल्डर

थांब, परत करू नको. समजून घे म्हणजे पुढच्या वेळी स्वतःच शोधशील.

एका तुकड्यात २९ बटणं, प्रत्येकाला वेगळी वायर द्यायची तर कंट्रोलरला २९ पिना लागतील, तेवढ्या त्याला नाहीत. म्हणून जाळी करतात, पाच आडव्या ओळी, सहा उभे कॉलम, ११ पिनांत काम. कंट्रोलर एकेक ओळ पाळीपाळीनं चालू करतो आणि कुठल्या कॉलमला करंट आला ते बघतो, सेकंदाला शेकडो वेळा. डायोड कशाला, तर करंट एकाच दिशेनं जावा, नाहीतर तीन बटणं एकदम दाबली की चौथं न दाबलेलं उमटतं.

आता तुझी लक्षणं लाव. एकटं बटण मेलं म्हणजे दोष त्या बटणापाशीच, ह चा डायोड उलटा बसलाय नाहीतर सॉकेटचं टाकं कच्चं आहे. काळी रेघ बाकीच्यांच्या दिशेला आहे का बघ. अख्खी ओळ मेली म्हणजे त्या ओळीतले सगळे डायोड तू उलटे लावले असशील असं नाही, ओळ जिथं एकत्र येते तिथं, कंट्रोलरच्या पिनेवर, टाकं धरलं नाही. चकचकीत डोंगरासारखं दिसलं पाहिजे, गोळी बसल्यासारखं दिसलं तर फ्लक्स लाव आणि परत इस्त्री टेकव. आणि आरसा तो दोषच नाही, फर्मवेअर धरून चालतं की यूएसबी डावीकडं लागणार. डावीकडं लाव आणि विसरून जा.

किल्ल्याखालचा

ह चा डायोड उलटा!! ५८ पैकी एकच, आणि तो नेमका ह. पिनेचं टाकं पण कच्चं होतं. दोन्ही सुधारलं, सगळी बटणं चालू. तुला पुढच्या वेळी साताऱ्यात आलास की राजवाड्याला पाहिजे ते खा.

निवृत्त_टंकलेखक

अभिनंदन. आता वेग किती ते कळवा.

किल्ल्याखालचा

काका लाज काढू नका, पहिल्या आठवड्यात मराठी मिनिटाला १२ शब्द. रडायला येत होतं, कामाच्या वेळेत जुनाच कीबोर्ड काढत होतो.

किल्ल्याखालचा (आणखी तीन आठवड्यांनी)

वेग जवळजवळ परत आलाय, व साठी डावं बोट आपोआप जायला लागलंय. पण नवीन भानगड. व्हिडिओत बघून होम रो मॉड लावले, म्हणजे ए एस डी एफ टिचकी मारली तर अक्षर आणि दाबून धरलं तर अनुक्रमे विंडोज, ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट. इंग्रजीला मस्त चालतंय. मराठीत भुताटकी. "किती" लिहिलं की "कथी" होतं. आणि ब्राउझरमध्ये "पत्ता" लिहायला गेलो की कर्सर उडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसतो! दहादा करून बघितलं, इतर शब्दांना नाही, पत्ता आणि रस्ता लिहिलं की हमखास. हसू का रडू?

रफार

अहो भूत नाही ते, पायमोड आहे. पायमोड डी वर. त लिहायचा, डी, परत त. तुमचं बोट डी वरून पुरतं उठायच्या आत उजव्या हातानं एल म्हणजे त दाबला जातो, कीबोर्डला वाटतं डी धरून ठेवलाय, म्हणजे कंट्रोल, आणि कंट्रोल एल म्हणजे ब्राउझरला "पत्त्याच्या पट्टीत जा". रस्त्यातही तेच. "किती"चं पण तसंच, ि एफ वर, तुम्ही तिथं शिफ्ट ठेवलाय, शिफ्ट अधिक त म्हणजे थ.

कुपवाडी_सोल्डर

ताईंनी पकडलं. आणि गंमत बघा, याच्यावर इंग्रजीवाल्यांचा जो ठरलेला उपाय आहे, की समोरच्या हाताचं बटण आलं तरच मॉड धरायचा, तो आपल्याला उलटा पडतो. त्यांच्यात पटापट लिहिताना बरीच अक्षरं एकाच हातात येतात म्हणून त्यांची सुटका होते. आपल्यात डाव्या हाताच्या पायमोडीनंतर उजव्या हाताचं व्यंजन येणारच.

दोन उपाय. एक, क्यूएमकेत फ्लो टॅप म्हणून आहे, आधीचं बटण नुकतंच दाबलेलं असेल तर हे बटण अक्षरच धरायचं, मॉड नाही. झेडएमकेत पण तसंच आहे. दुसरा, मी करतो तो, मराठीसाठी वेगळा लेयर, अक्षरं तीच पण मॉड एकही नाही, कंट्रोल न् शिफ्ट अंगठ्याला. अंगठ्याच्या एका बटणावर मॅक्रो ठेव, विंडोज अधिक स्पेस पाठवायचं आणि लगेच लेयर पालटायचा, म्हणजे भाषा आणि लेयर बरोबरीनं बदलतात. फक्त माऊसनं भाषा बदलायची सवय मोड, नाहीतर कीबोर्ड एका गावाला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या.

किल्ल्याखालचा

दुसरा उपाय केला. पत्ता पत्ता पत्ता रस्ता रस्ता किती किती. कऱ्हाड. कृष्णा. डॉक्टर.

बसलं सगळं.

अडत_दुकान

धागा पहिल्यापासून वाचला. नंबरपॅडचं अंगठ्यानं धरायचं ते डोक्यातून जाईना. बोर्ड पाच आले असतील ना, तुमचे दोन गेले, तीन उरले. त्यातले दोन मला द्याल का? काय होतील ते पैसे देतो. सोल्डर मला येत नाही, पण कुपवाड लांब नाही.

कुपवाडी_सोल्डर

या की दादा, रविवारी. हळदीचे हात धुऊन या, पांढऱ्या कीकॅप घेतल्या असतील तर.

किल्ल्याखालचा

दोन बोर्ड तुमचे. शनिवारी कऱ्हाडला लग्नाला येतोय, दुपारी तीनला स्टँडवर भेटू. पाचवा सुटा बोर्ड पण आणतो, त्यावर आधी चार-दोन डायोड मारून हात बसवा. ह चा बघून लावा.